सर्व्हरची खंडेनवमी

गुंडा हवालदार सैन्याच्या सिग्नल विभागात बावीस वर्षं काढून साताऱ्यात स्थायिक झाला, पण त्याचा पहारा काही सुटला नाही. गॅस बंद आहे का हे तो तीनदा बघणार, दाराची कडी चारदा. बायको संयोगिता म्हणायची, "आवं, आता कोण हल्ला करणार हाय आपल्यावर?" तो हसायचा आणि पाचव्यांदा कडी बघून यायचा.

काळजी अगदीच उगाच नव्हती. २०१९च्या पुरात कृष्णामाईने त्याचं पलूसकडचं घर माळ्यापर्यंत भरलं. माणसं वाचली, पण फोटोंचे अल्बम हातात आले ते लगदा होऊन. वडील आदल्याच वर्षी गेले होते. त्यांचं म्हणावं असं एकच उरलं, गुंडा सुट्टीवर आलेला असताना त्याने सहज फोनवर घेतलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. गुंडाने घरात सर्व्हर उभा केला. टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल असा काळा डबा, आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच ते. एक बंद पडली तरी दुसरी तग धरणार. वर तिसरी डिस्क तासगावला बहिणीकडे. दर तीन महिन्यांनी ती बेदाण्याच्या खोक्यात बसून ओळखीच्या कंडक्टरबरोबर एसटीने साताऱ्याला यायची आणि ताजा बॅकअप पोटात घेऊन परत जायची. एवढा बंदोबस्त तर सीमेवर पण नसेल, असं संयोगिता म्हणायची.

पण त्या डब्याची खरी गरज होती आईला. बनुबाईंनी ऐंशी ओलांडली होती आणि दोन वर्षांपासून त्या एकेक गोष्ट विसरत चालल्या होत्या. सकाळी नातेवाईक विसरत, दुपारी जेवल्याचं. दिवस कलला की दारात जाऊन उभ्या राहत. "मालक अजून आलं न्हाईत. अंधारायला लागलंय की." मग हुंदके, मग थेट रस्त्यावर. एकदा तर त्या रिक्षात बसून एसटी स्टँडपर्यंत गेल्या होत्या. त्यावर एकच औषध होतं. गुंडा डब्यातला तो व्हिडिओ टीव्हीवर लावायचा. पडद्यावर वडील पायऱ्यांवर पाय धूत बसलेले, मान वर न करता म्हणायचे, "आलो न्हवं का, बने. वरच्या वाफ्याला पाणी सोडलंय. च्या टाक." बनुबाई पदराने डोळे पुसायच्या आणि निवांत जेवायला बसायच्या.

नवरात्रात तासगावची डिस्क आली. गुंडाने नेहमीसारखी ती आधी कोरी केली. दुसऱ्या दिवशी डब्यातली एक डिस्क बंद पडली. पण हाताशी कोरी डिस्क होतीच. तीच त्याने डब्यात घातली. आता उरलेल्या एका डिस्कवरून सगळं नवीवर उतरायला वीसेक तास लागणार होते. तेवढा वेळ सगळा संसार एका डिस्कच्या जिवावर. तिच्यावर आणखी भार नको म्हणून त्याने टीव्हीसुद्धा लावला नाही. त्या संध्याकाळी आईलाही झोप लागली होती, म्हणून निभावलं. तेवढा दीड मिनिटाचा तुकडा आताच्या फोनवर घेऊन ठेवावा, हे मात्र या शहाण्याला सुचलं नाही. अति तिथं माती म्हणतात ते असं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. गुंडाने विळा, पाने, पक्कड, सोल्डरिंगची कांडी पुसून पाटावर मांडली आणि झेंडू आणायला बाजारात गेला. जाताना डबा बघितला होता. बासष्ट टक्के झालं होतं.

परत येऊन बघतो तर डबा पाटावर. ओल्या फडक्याने लख्ख पुसलेला, अंगावर हळदकुंकवाची बोटं, हवेच्या जाळीवर तांदूळ. वायरी नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या.

"आई! कुणी काढला ह्यो?"

"मी," बनुबाई समाधानाने म्हणाल्या. "आज हत्याराला इसावा असतो. त्याला काम न्हाई लावायचं. भरभर भरभर चाललं हुतं बिचारं."

गुंडाने डबा चाचपून बघितला. रागवायचं कुणावर? पहिल्या वर्षी त्यानेच डबा हौसेने बंद करून पाटावर मांडला होता, आईच्या हातून कुंकू लावून घेतलं होतं. पोराचं नाव कधीकधी विसरणाऱ्या म्हातारीने ते तेवढं ध्यानात ठेवलं होतं.

आत डिस्क फिरत असताना डबा उचलला होता. काम अर्ध्यात तोडलं होतं. वर ओलं फडकं. त्याने डबा उघडला, कापसाने एकेक फट टिपली, तांदूळ चिमट्याने वेचले आणि पंख्याखाली ठेवून तासन्‌तास त्याच्यासमोर बसून राहिला. जेवण गेलं नाही. चारला त्याने वायर जोडली. डब्याचा दिवा तांबडा लागला. पडद्यावर आलं, तपासणी चालू आहे, बंद करू नका. बंद करायची त्याची काय बिशाद होती!

"संध्याकाळी काय दाखवायचं तिला?" तो संयोगिताला म्हणाला. "बा दुसऱ्यांदा गेला तर माज्या हातनं गेला म्हणायचा."

संयोगिताने उठून दाराला आतून कुलूप घातलं.

साडेसहाला बनुबाई उठून दाराशी गेल्या. "मालक आलं न्हाईत." कुलूप दिसल्यावर त्या घाबरल्या, दार वाजवू लागल्या, बांगड्या खळखळू लागल्या. संयोगिताने जवळ घेतलं तर तिचा हात झटकला. दिवा तांबडाच होता. आईचं रडं चढत गेलं तसा गुंडाचा धीर सुटला. तो मागच्या मोरीपाशी गेला, पायावर पाणी ओतलं आणि मान खाली घालून, जड आवाजात म्हणाला, "आलो न्हवं का, बने. वरच्या वाफ्याला पाणी सोडलंय. च्या टाक."

दार वाजायचं थांबलं. बनुबाई हळूहळू मोरीपर्यंत आल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या आणि चेहरा उजळला. "किती वाट बघायची माणसानं," म्हणत त्यांनी पदराने त्याचं कपाळ पुसलं.

तेवढ्यात संयोगिता ओरडली, "आवं, हिरवा लागला!"

गुंडा धावला. सगळं होतं. एकही फाइल गेली नव्हती. त्याने आधी तो व्हिडिओ फोनवर घेतला, मग संयोगिताच्या फोनवर, मग आनंदाने टीव्हीवर लावला. "बघ, बघ आई!"

बनुबाईंनी पडद्यावरच्या माणसाकडे परक्यासारखं पाहिलं. "ह्यो कोण म्हातारा? कुणाच्या पायऱ्यांवर बसलाय?" आणि वळून, डोक्यावरचा पदर सावरत गुंडाला म्हणाल्या, "तुमी बसा, मालक. दमून आलाय."

तो बसला. वडील वाचले होते, तीन ठिकाणी वाचले होते. आणि त्याला आई म्हणून हाक मारायला माणूस उरलं नव्हतं. त्याला मोठ्यांदा रडावंसं वाटलं, पण मालक कधी बायकोपुढे रडला नव्हता.

बनुबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि हळूच, काळजीने विचारू लागल्या, "आवं, गुंडाचं काय पत्र? कवा यायचा सुट्टीवर?"

"यील की," गुंडा म्हणाला. "दिवाळीला यील."