उभा स्क्रू

दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. खोडाळा, दादाची पडवी. हजर: मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि जव्हारचे लेथवाले काका.

दादा बोहाड्याचे, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात घालून नाचायचे, मुखवटे कोरायचा. गेल्या वर्षीपासून त्याचा उजवा हात थरथरतो. पटाशी लाकडाआधी अंगठ्यात जाते. वडिलांनी सावरीच्या लाकडात कोरलेला मुखवटा किडीने पोखरलाय. पुढच्या बोहाड्यात तो घालता येणार नाही, आणि नवा कोरणारं आता घरात कोणी नाही. म्हणून मी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणारं यंत्र, बांधायला घेतला. यंत्राने सुईने जुना मुखवटा चाचपायचा, मग तोच आकार नव्या लाकडात उतरवायचा.

त्या दिवशी माझ्या यादीतले स्क्रू आणि मोटरी ठरवायच्या होत्या. स्टेपर मोटरी पाच मिनिटांत ठरल्या. आडव्या दोन्ही दिशांना बॉल स्क्रू, हेही ठरलं. अडलं ते जड स्पिंडल, म्हणजे यंत्राचं कोरणारं डोकं, वरखाली नेणाऱ्या उभ्या स्क्रूवर.

काका म्हणाले, "ताई, उभ्याला साधा आट्यांचा घ्या. बॉल स्क्रू लोण्यासारखा फिरतो. लाइट गेली की मोटर सोडून देते, नि डोकं आपसूक खाली येतं. साधा जागच्या जागी अडून बसतो."

"साध्याला खेळ असतो, काका. आट्यांत ढिला हलतो, माप केसभर चुकतं."

"असू दे की! नाकात काय पिस्टन बसवायचाय?"

दादा हसला. "तिच्या यादीत खेळाला जागा नाही."

मी काकांचं म्हणणं यादीत लिहिलं, त्यावर रेघ मारली आणि उभ्यालाही बॉल स्क्रूच धरला. लाइटचा विचार मी केला नव्हता असं नाही. रोज जाणारी लाइट इथे कोण विसरेल? 'इन्व्हर्टर' लिहून पुढे बरोबरची खूणही केली होती. तो मी कॉम्प्युटरला लावला, चाचपलेलं पुसलं जाऊ नये म्हणून. मोटरी घरच्या लाइटवरच ठेवल्या.

महिन्याभराने यंत्र उभं राहिलं. जुना मुखवटा खाली बांधला. सुई कपाळावरून भुवईपर्यंत आली आणि लाइट गेली. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता. स्पिंडल सरसरत खाली आला, सुई मोडली आणि सगळा भार मुखवट्यावर बसला. आतून पोकळ झालेली सावर. फारसा आवाजही झाला नाही. नाक आणि वरचा ओठ गेला.

 दादाने तुकडे वेचायला हात पुढे केला, हात हलत होता, म्हणून मागे घेतला. मीच वेचले. अकरा भरले, बाकी भुगा.

उभ्या दिशेला आता साधा स्क्रू बसवलाय. काका येऊन बसवून गेले, एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. यंत्र चालतं. चाचपायला चेहरा नाही.

तुकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. दादा म्हणतो, "तू जोड, तुझा हात स्थिर आहे." पण नाक कसं होतं, हे मला नीट आठवत नाही, आणि ते त्याला विचारायचं अजून राहिलंय.