लातूर ते किनवट: खलीलभाईंच्या लेकीकडे जाणारे आडरस्ते

लातूरहून किनवटला कसं जायचं विचारलं तर कुणीही सांगेल, नांदेडपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. आम्ही दोघं सायकलवर गेलो, चार दिवस लावून, आणि मोठा रस्ता जमेल तिथं टाळून. बालाघाटाच्या डोंगरात गावागावांना जोडणारे असे रस्ते आहेत की तासभर चाललं तरी एखादी मोटारसायकल आणि दोन बैलगाड्या यापलीकडे काही भेटत नाही. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. पण या प्रवासात रस्त्याइतकंच दुसरंही काही होतं, ते वगळून लिहिता येणार नाही.

मी लातुरात एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. सोबत होते खलीलभाई. गंजगोलाईच्या बाजाराजवळ त्यांचं सायकलीचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न, पोटऱ्या माझ्यापेक्षा दुप्पट. माझी पहिली जुनी सायकल मी त्यांच्याकडूनच घेतली होती, तेव्हापासूनची ओळख. डिसेंबरात एकदा ब्रेक बसवता बसवता ते म्हणाले, “सर, तुमची गाडी नुसती उभी राहून सडून राहिली. चला, किनवटला जाऊ.”

किनवटच का, हे मी विचारलं नाही. त्यांची धाकटी मुलगी नाझिया किनवटच्या अलीकडे जंगलातल्या एका गावी मुलींच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळते. ही नाझिया दोन वर्षं माझ्या वर्गात होती. मेडिकलला दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तेव्हा “अजून एक वर्ष बसवा, नंबर नक्की लागतो,” असं खलीलभाईंना सांगणारा मीच. नाझिया समोर बसली होती. तिला काही विचारावं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही. बी.एस्सी. केलं आणि निघून गेली. “गेलीस तर परत या घरात येऊ नको,” असं बाप रागात बोलून गेला, आणि त्याला दोन वर्षं झाली. आई फोनवर बोलायची, बाप नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालो. सामान मोजकं: दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, खलीलभाईंची पान्यांची पिशवी, कानटोपी, एकेक चादर. या भागात बाभळीचे काटे सडकेवर पसरलेले असतात, त्यामुळे ट्यूब दोन तरी हव्यातच.

पहिला दिवस नळेगावपर्यंत उदगीरच्या रस्त्याने. हा तुकडा पहाटे उरकावा, कारण नंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. नळेगावच्या पुढे आम्ही गावरस्त्यांना लागलो आणि आवाजच थांबले. दोन्ही बाजूंना हरभरा, तुरीची कापणी, मध्येच करडईचे पिवळे पट्टे. चढ लांब आहेत पण अंगावर येणारे नाहीत. एका चढावर उतरून चालताना खलीलभाई त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवसांचं बोलले. माझं गाव औसा तालुक्यातलं, त्या भूकंपात गेलेलं. मी पाचवीत होतो. आईवडील दोघंही त्यातच गेले, आणि काकांनी मला लातूरच्या वसतिगृहात ठेवलं. हे खलीलभाईंना माहीत आहे, पण ते स्वतः तिकडे गेले होते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“सायकलला दोन्हीकडून पाण्याचे डबे बांधून जायचो,” ते म्हणाले. “रस्त्यावर गाड्याच गाड्या. मदतीच्या वेगळ्या, बघणारांच्या वेगळ्या. मोटार अडकायची. सायकल जायची.”

“कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं त्यात? तुमचं घर गेलं, मी पाणी नेलं. बरोबरी हाय का?”

जळकोटला पोचलो तेव्हा नव्वदच्या आसपास किलोमीटर झाले होते. चहाच्या हॉटेलात एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्या सायकली फिरून फिरून पाहिल्या.

“काय करता तुम्ही?”

“लातूरला शिकवतो, क्लासमध्ये.”

“क्लासवाले सर? अन् सायकलीवर?” त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. “लोकाची पोरं डाक्टर करून राहिले म्हणं, अन् सोताला फटफटी न्हाई.”

सगळं हॉटेल हसलं. आम्हीही. मुक्काम खलीलभाईंच्या ओळखीच्या एका शिवणकामवाल्यांच्या घरी झाला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आणि आग्रह इतका की सकाळी सायकलवर बसवेना.

जळकोट ते जांब आणि पुढे कंधार हा माझ्या मते या वाटेतला सर्वांत देखणा भाग. डोंगर, तांडे, छोटे तलाव, वळणावळणाने उतरणारा रस्ता. डांबर मधूनमधून उखडलेलं आहे, म्हणून उतारावर हात ब्रेकवर ठेवा. जांबला सुशीला खाल्ली. लातूर-नांदेडबाहेरच्या वाचकांसाठी: भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून फोडणी देतात. वीस रुपयांत दोन तासांची बेगमी. कंधारचा किल्ला पाहायला अर्धा तास काढाच. तिथून नांदेडपर्यंतची वाहतूक मात्र सहन करावी लागते. दुसरा मुक्काम नांदेडला.

तिसऱ्या दिवशी भोकरमार्गे हिमायतनगर. सपाट, जरा कंटाळवाणा, वारा समोरून. मुक्काम साध्या लॉजवर, गरम पाणी बादलीने मिळालं. नाझियाला आम्ही येतोय हे कळवलेलं नव्हतं. “सांगितलं तर ती नको म्हणेल,” असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी इस्लापूरच्या पुढे झाडी दाट होत गेली. दोन्ही बाजूंना साग, खाली वाळलेल्या पानांचा खच, आणि सायकलीच्या चेनचा तेवढा आवाज. इतक्या मोकळ्या रस्त्यावर मी आयुष्यात सायकल चालवली नव्हती. तिथेच ओढ्यावरच्या एका मोरीवर खलीलभाई थांबले.

“चेन बघतो जरा.”

चेनला काही झालं नव्हतं. त्यांनी ती काढली, चिंधीने एकेक कडी पुसली, तेल दिलं, परत चढवली, आणि पुन्हा काढली. मी शेजारी बसून राहिलो.

“सर,” ते शेवटी म्हणाले, “इथून टेशन जवळ हाय. गाडी असंल दुपारची.”

“परत जायचं?”

“ती बोललीच न्हाई तर?”

मला सांगता आलं असतं की बोलेल, नक्की बोलेल. पण “नक्की” हा माझा शब्द त्या घराला एकदा महागात पडला होता. मी म्हणालो, “नाही बोलली तर परत येऊ. पण माफी मलाही मागायची आहे. मी जाणार.”

त्यांनी हात चिंधीला पुसले आणि सायकलवर बसले.

शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन लांब इमारती आणि मोठं पटांगण. नाझिया मुलींची रांग लावत होती. आम्हाला पाहून तिने रांग पूर्ण लावली, मुलींना जेवायला आत पाठवलं, मग आली. सायकलींकडे पाहिलं, बापाच्या पायांकडे पाहिलं.

“लातूरसे?”

“हाव.”

“इस उमर में?” तिने आतून तांब्या आणला. “पहले पानी पियो, अब्बा.”

पाणी पिऊन खलीलभाई पटांगणात फिरून आले आणि त्यांनी विचारलं, “त्या सायकली कुणाच्या?” मागच्या पत्र्याखाली मुलींना वाटायला आलेल्या अकरा सायकली पडून होत्या. कुणाची चेन तुटलेली, कुणाचं हँडल वाकडं. दुरुस्त करणारा माणूस किनवटलाच, म्हणून तशाच.

त्यांनी पान्यांची पिशवी सोडली. दुपारभर ते तिथेच मांडी घालून बसले. थोड्या वेळाने नाझिया शेजारी येऊन बसली आणि न विचारता पाने पुढे करू लागली. कुठला पाना कधी लागतो हे तिला लहानपणापासून पाठ. चौथ्या की पाचव्या सायकलीवर खलीलभाई खाली मान घालूनच म्हणाले, “गलत बोला मैं उस दिन.”

तिचा हात थांबला. “मालूम है,” ती म्हणाली. मग ओढणीने डोळे पुसले आणि पुढचा पाना दिला.

मी संध्याकाळी तिच्याशी बोललो. म्हणालो, तुला न विचारता मी तुझं वर्ष ठरवत होतो, चुकलं.

“सर, सल्ला चुकीचा न्हवता,” ती म्हणाली. “कदाचित लागलाही असता नंबर. पण मला तेव्हा झोप येत न्हवती, जेवण जात न्हवतं, अन् हे तुम्हाला सांगायला जागाच न्हवती. अब्बा असायचे, नाहीतर वर्गातली दीडशे पोरं.”

 

दुसऱ्या दिवशी नऊ सायकली पटांगणात फिरत होत्या. दोन सुट्या भागांसाठी काढून ठेवाव्या लागल्या. निघताना खलीलभाईंनी विचारलं, “ईदला येशील?”

“बघते, अब्बा. परीक्षा असतात पोरींच्या.”

किनवटहून आम्ही सायकली रेल्वेत घालून परतलो. एकदम चार दिवस जमत नसतील तर जळकोट ते कंधार आणि इस्लापूर ते किनवट एवढे दोन तुकडे तरी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, उन्हाळ्यात या वाटेला जाऊ नका.

नाझिया ईदला आली नाही. खलीलभाईंनी दुकान चार दिवस बंद ठेवलं आणि शिरखुर्म्याचं सामान घेऊन बायकोसह तेच किनवटला गेले. लेक आता त्यांना स्वतः फोन करते.

मी अजून बायोलॉजीच शिकवतो. या जूनमध्ये निलंग्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. दुसऱ्यांदा राहिली होती. “सर, अजून एक वर्ष बसवू का?” त्यांनी विचारलं. मी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि मुलीला बसायला सांगितलं. “तुला काय करायचंय?” मी तिला विचारलं. बाहेरून तिच्या वडिलांनी दोनदा आत डोकावून पाहिलं. मी त्यांना हातानेच थांबवलं.