घासून गुळगुळीत केलेला टँक

तिसऱ्यांदा रंग मारला आणि तिसऱ्यांदा टँकवर पिठाचा हात फिरवल्यासारखं दिसू लागलं. मे महिना, हुडकेश्वरचं माझं पत्र्याचं वर्कशॉप. एवढ्या उन्हात एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलवर पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि भुकटी होऊन बसतो. कूलर लावावा, तर दमट हवेने रंगावर पांढुरकी साय धरते. मी दोन्ही करून पाहिलं होतं.

एरवी मी आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींची मॉडेल करतो. हा वीतभर लष्करी टँक अतुलभाऊंनी आणला होता. त्यांचं रामदासपेठेत इव्हेंटचं ऑफिस आहे. वडील टँक रेजिमेंटमधून निवृत्त झालेले रिसालदार, कामठीला राहतात. किट त्यांनीच जोडलेलं. रविवारी त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. स्टेजवर मखमल, टँकवर पडदा आणि तो पडदा ओढायला एक माननीय पाहुणे.

"बाबाले सांगितलं नाही, सरप्राइज आहे," अतुलभाऊ म्हणाले. "हे टरेट पाहा, कसं खरबडीत झालं. म्हाताऱ्याचा हात थरथरते ना. शोरूममधून काढल्यासारखा चकाचक करून द्या."

"टँक शोरूममध्ये नसतो, भाऊ."

"तुम्ही करून तर द्या गा."

टरेट म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग. त्यावर बारीक दाणे होते. मलाही तो हाताचा दोष वाटला. रिसालदारांना एक फोन करायला हवा होता. पण तीस वर्षांच्या अनुभवाने माझी विचारण्याची सवय मोडली आहे.

मी रंग उतरवला. चारशे नंबरचा वॉटर पेपर, मग आठशे, मग दोन हजार. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. अधूनमधून अतुलभाऊंचा फोन.

"सोनेरी करता येईल का?"

"आर्मीचा टँक?"

"लाइट मारले की उठून दिसते ना."

मी फोन ठेवला. भुकटीवर उपाय एकच होता: पहाटे ऊन चढण्याआधी, कूलर बंद ठेवून, पातळ कोट. शनिवारी सकाळी टँकवरून बोट घसरू लागलं. मी स्वतःवर खूश होतो.

दुपारी रिसालदार स्वतः दारात. घरचं शेल्फ रिकामं दिसलं, त्यांनी मुलाकडून कबुलीजबाब घेतला आणि कामठीहून ऑटो बदलत आले. त्यांनी टरेटवर अंगठा फिरवला.

"काहून घासलं गा हे?"

"खरबडीत होतं, रिसालदारसाहेब."

"खरबडीतच राहते ते. ओतीव लोखंड आहे, साच्यातून निघते तसंच. पुट्टी लावू लावू तो दाणा बसवला होता मी." ते स्टुलावर बसले. "उद्या माझ्या टँकचा ड्रायव्हर येऊन राहिला अकोल्याहून. काचबिंदूनं त्याले दिसत नाही आता. तो बोटानं पाहणार होता."

 थिनरमध्ये पुट्टी पातळ केली, जुना टूथब्रश घेतला आणि टरेटवर ठोकायला लागलो. माझे ठिपके एका रांगेत येत होते, बिल्डिंगच्या खिडक्यांसारखे. रिसालदारांनी ब्रश काढून घेतला. त्यांच्या थरथरत्या हाताने दाणा बरोबर उमटला. मागची बाजू मी आग्रहाने सोडायला लावली. पुट्टी वाळायला वेळ हवा होता आणि स्टेजवर ती भिंतीकडेच असणार होती. रविवारी पहाटे रंग मारला.

माननीयांनी पडदा ओढला, टँककडे न पाहता पाऊण तास शौर्यावर बोलले आणि गेले. मग रिसालदारांनी टँक उचलून खाली आणला आणि पहिल्या रांगेतल्या काळा चष्मा लावलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याने टरेटवर अंगठा टेकवला, तसाच ठेवला.

"आपलाच आहे," तो म्हणाला. मग बोटं मागे गेली. "पण मागून याले इस्त्री कोणी मारली गा?"

रिसालदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला ते दिसलं नाही, एवढाच दिलासा.

आता काम घेताना मी विचारतो, हे कोण पाहणार आहे आणि कशानं. अतुलभाऊंना तो प्रश्न अजून कळलेला नाही.