निकोबारचे हळदे

माझे थोरले मामा वनखात्यात होते. नोकरीची बरीच वर्षं अंदमान-निकोबारात काढून ते कळंबजवळच्या गावी धाकट्या भावाकडे राहायला आले, तेव्हा सामानात पक्ष्यांच्या, पिसं-चोचींसकट जपलेल्या कातड्यांच्या दोन पेट्या होत्या. खात्याच्या कामासाठी जमवलेल्या, नंतर कुणालाच नको झालेल्या.

मी यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पहिली पेटी घरी आणली आणि दोन रविवारांत निकाली काढली. पंख पट्टीनं मोजले, चोची कॅलिपरनं, बेटांप्रमाणे तक्ता केला. त्यात एका लहान बेटावरचे तीन पिवळे हळदे होते. आपल्याकडच्या हळद्याला डोळ्यातून जाणारी काळी रेघ असते. बेटांवरच्या हळद्यांचा काळा पट्टा डोक्यामागून फिरतो. अंदमानात अरुंद, निकोबारात चांगला रुंद. मामांचं म्हणणं, या तिघांचा पट्टा दोहोंच्या मधला आहे. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता आणि डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. नजर आहे तोवर हे तीन पक्षी निकोबारच्या पक्ष्यांशेजारी ठेवून एकदा पाहायचे, एवढंच त्यांना हवं होतं.

निकोबारचे पक्षी दुसऱ्या पेटीत होते आणि दुसरी पेटी कापसाखाली होती.

त्या वर्षी भाव नव्हता, म्हणून गावात कुणी कापूस विकत नव्हतं. धाकट्या मामांच्या घरी मधली खोली आढ्यापर्यंत तुडवून भरली होती. जपायची वस्तू कापसात ठेवायची ही त्या घरची रीत. मामीनं काचेच्या बरण्यांबरोबर पेटीही मागच्या भिंतीशी, तळाला ठेवली होती. ठेवताना आतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या होत्या. कापसाला वास लागला तर व्यापारी भाव पाडेल, असं ती म्हणाली. तिचं चूक होतं असं मला म्हणता येईना.

मी धाकट्या मामांना म्हटलं, माणसं लावू, अंगणात ताडपत्री टाकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुडवलेला कापूस एकदा मोकळा केला की परत त्या खोलीत मावत नाही, आणि बाहेर धूळ लागली की प्रत जाते.

"काढतो न बाई," ते म्हणाले. "मी का नाही म्हणून राह्यलो? भाव तं येऊ दे."

संक्रांत झाली, होळी झाली. साठवलेल्या कापसात किडे झाले. घरातली सगळी माणसं हात खाजवत अंगणात झोपू लागली. मी गेले की मामी हसून म्हणायची, "भाची पाहुणी आली, हिलेही खाज देऊन पाठवू." थोरले मामा पेटीचं विचारत नसत. फक्त मी बरोबर नेलेले पहिल्या पेटीतले तीन हळदे मागून घेत आणि दर खेपेला ते डोळ्यांच्या आणखी जवळ धरत.

वैशाखात, पावसाच्या आधी, धाकट्या मामांनी मिळेल त्या भावात कापूस दिला. टेम्पो गेल्यावर त्यांनी स्वतः पेटी उचलून थोरल्यांच्या खाटेवर ठेवली. मी झाकण उघडलं. नावांच्या चिठ्ठ्या शाबूत होत्या, पाय होते, चोची होत्या. पिवळी पिसं भुशासारखी तळाशी पडली होती. एका हळद्याचं अंग बरंचसं उरलं होतं. पण डोक्यामागची पिसं किड्यांनी संपवली होती आणि जुनं, काळपट कातडं उघडं पडलं होतं.

थोरल्या मामांनी हात पुढे केला. मी तो पक्षी दिला, शेजारी लहान बेटावरचा एक ठेवला. बराच वेळ ते दोघांना खिडकीकडे धरून बसले.

"हे काळं पाह्य," ते म्हणाले. "किती रुंद आहे. अन् याचं पाह्य, कमी आहे का नाही?"

धाकटे मामा माझ्याकडे बघत होते. मामी दारात उभी होती.

"कमी आहे," मी म्हटलं.

"मोज," मामा म्हणाले, आणि निकोबारचा हळद्या माझ्यापुढे धरला.

मी कॅलिपर काढला. कुठे लावावा ते कळेना.