अ‍ॅपवर संध्याकाळचे सहा

किरण माझा शेजारी. त्याच्या आणि आमच्या अंगणात चार फुटांची एक भिंत आहे. धुळ्यातल्या आमच्या सद्‌विचार कॉलनीत एवढ्या अंतरावरून माणसाचं सगळं कळतं असं मानलं जातं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला आपोआप मिळालेला आहे. शिवाय मी एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली वीस चौकशीच्या खिडकीत. विचारणाऱ्याला ठणकावून उत्तर द्यायची सवय तिथली. उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण ठणकावलेलं असायचं.

किरणचं वय एकतीस. सहा वर्षं तो घरूनच वेबसाइटी बनवतोय. सकाळी नऊला खिडकीतल्या टेबलाशी बसतो आणि दिवे लागायच्या सुमाराला उठतो. जळगावचा एक डाळमिलवाला, अमळनेरची एक तेलाची पेढी, नाशिकचे दोन दातांचे डॉक्टर, या सगळ्यांना त्याने इंटरनेटवर उभं केलंय. पण कॉलनीच्या लेखी हे काम नव्हे. आमच्याकडे काम म्हणजे आंघोळ करून, डबा घेऊन, गाडीला किक मारून कुठेतरी जाणं. कुठे, ते कोणी विचारत नाही. चार नंबरमधला एक गृहस्थ तीन वर्षं रोज डबा घेऊन निघायचा आणि पांझरेच्या पुलाजवळ टपरीवर बसून तो खाऊन परत यायचा. त्याचं लग्न थाटात झालं. बॅन्ड होता.

किरणचं मात्र जमत नव्हतं. आमच्याकडची रीत अशी, की मुलगी द्यायची तर आधी मुलाच्या शेजाऱ्याकडे चौकशी करायची. मुलाची आई चांगलंच सांगणार, तिचं काय ऐकायचं? आणि किरणचा शेजारी मी. पाहुणे यायचे, आमच्या ओसरीवर टेकायचे, पाणी प्यायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "मुलगा करतो काय?" मी खरं तेच सांगायचो. "मुलगा सोन्यासारखा आहे. कुठे जाणं नाही, येणं नाही. घरीच असतो." यात खोटं काय होतं? तीन स्थळं आली आणि माझ्या ओसरीवरूनच परत गेली. किरणच्या आईपर्यंत, बेबाबाईपर्यंत, फक्त निरोप पोचायचा की मुलगा काही करत नाही म्हणून नको.

बेबाबाई अंगणवाडीत सेविका. नवरा लवकर गेला. दुसऱ्यांची पोरं सांभाळून तिने स्वतःचं पोर इंजिनियर केलं. तिसरा नकार आला त्या दिवशी ती भिंतीपलीकडून मला म्हणाली, "आबा, दिवसभर बठेल ऱ्हास तो. काय करस, माले बी समजत नही. लोकेसले काय सांगू?" मी सहानुभूतीने मान हलवली. मान हलवायचाही मला दांडगा अनुभव आहे.

आता पाण्याकडे येतो. आमच्या कॉलनीत पाचव्या दिवशी नळ येतात. कोणत्या वेळी, हे दोघांनाच ठाऊक असतं. एक परमेश्वर आणि दुसरा सुकदेवनाना. सुकदेवनाना म्हणजे आमचा व्हॉल्व्हवाला. कमरेएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून येतो आणि जमिनीतल्या खड्ड्यात वाकून आमच्या नशिबाचा आटा फिरवतो. एकशे चौऱ्याऐंशी घरं त्याला फोन करायची. शेवटी त्याने फोन उचलणंच सोडलं. फक्त किरणचा उचलायचा, कारण किरणने कधीतरी त्याच्या नातीचा कॉलेजचा फॉर्म भरून दिला होता.

त्यावर किरणने एक वेबसाइट केली. कोणत्या गल्लीत नळ कधी, ते त्यावर लिहायचं. चांगली होती. चार महिन्यांत ती अकरा जणांनी उघडली, त्यात मी नव्हतो. कॉलनीचे सेक्रेटरी नवलभाऊ मीटिंगमध्ये म्हणाले, "वेबसाइट काय, कोणीही काढतं. अ‍ॅप असेल तर सांग."

किरणने ते मनावर घेतलं. दोन महिने खिडकीतून हललाच नाही. मला म्हणाला, "आबा, हे हायब्रीड अ‍ॅप आहे." आमच्या पिढीला हायब्रीड म्हणजे ज्वारी. भाकरी भरपूर, चव बेताची. मी तसं म्हटल्यावर तो हसला. "तसंच आहे थोडंसं. आत माझी वेबसाइटच आहे, वरून अ‍ॅपचं आवरण घातलंय. एकदाच लिहायचं, मग अँड्रॉइडवर पण चालतं आणि आयफोनवर पण." कॉलनीत आयफोन एकच आहे, नवलभाऊंच्या मुलाकडे, आणि त्याच्या घरी बोअर आहे. पण सोय असावी.

आणि काय सांगू, अ‍ॅप चाललं! तीच माहिती, त्याच माणसाने लिहिलेली. पण आता ती एका निळ्या चौकोनाच्या आत होती आणि चौकोनावर थेंब होता. दोन महिन्यांत घरोघरी तो थेंब पोचला. ज्या बायका पूर्वी नळ आला की "नळ उनात वोऽऽ" अशी हाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायच्या, त्या आता बोटाने थेंब दाबून गप्प बसू लागल्या. "घरी बसलेला किरण" बदलून "अ‍ॅपवाला किरण" झाला.

नेमकं तेव्हाच जळगावहून चौथं स्थळ आलं. मुलीचं नाव मयुरी, शाळेत शिकवते. वडील रुपचंदभाऊ पाइपाच्या कारखान्यात सुपरवायझर. ते रीतसर माझ्या ओसरीवर आले. "मुलगा करतो काय?" मी ठणकावून सांगितलं, "अ‍ॅप बनवतो." त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच वाटलं मी पुण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीतून बोलतोय. पुढच्या रविवारी अकरा वाजता नवरा-बायको घर बघायला येणार असं ठरलं.

तो रविवार आमचा नळाचा दिवस होता. अ‍ॅपवर आदल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, संध्याकाळी सहा. बेबाबाईने ते पाहिलं आणि घरात होतं नव्हतं ते पाणी सकाळी ओटा, पायऱ्या, अंगण, फाटक धुण्यात घालवलं. व्याही फाटकाला बोट लावून बघतात अशी तिची समजूत असावी.

आठ वाजता सुकदेवनानाचा किरणला फोन आला. संध्याकाळी पंपाची लाइट जाणार आहे, नळ नऊलाच सोडतो. किरणने लगेच वेळ बदलली, लॅपटॉपवर बघितलं, "सकाळी नऊ" दिसलं. झालं. पोरगा समाधानाने दाढी करायला सलूनमध्ये गेला आणि तिथून पेढे आणायला. आईला तोंडाने सांगायची गरजच काय? अ‍ॅप कशासाठी आहे?

नऊ वाजता नळ आले. आमच्याकडे नळ खड्ड्यात असतात, मोटर लावल्याशिवाय थेंब वर येत नाही. कोपऱ्यावरच्या सुंदरबाईकडे बटणांचा फोन आहे, तिचं सगळं अजून कानावर चालतं. तिने पाइपातला आवाज ऐकला, मोटर लावून भांडी भरायला घेतली आणि जुन्या सवयीने हाळी दिली. "नळ उनात वोऽऽ!"

कोणी हललं नाही. मी ओसरीत पेपर वाचत होतो. मी तिला चष्म्यावरून बघून म्हणालो, "सुंदरबाई, अ‍ॅपवर संध्याकाळचे सहा आहेत." समोरची सुमनबाई तर फोन घेऊन बाहेर आली आणि म्हातारीला थेंब उघडून दाखवला. खड्ड्यात पाणी खळखळत होतं, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि आम्ही सगळे फोनकडे बघून त्या म्हातारीला समजावत होतो की पाणी आलेलं नाही. एवढं शिक्षण या कॉलनीत आहे.

पावणेदहाला नळ गेले. सव्वादहाला सुकदेवनाना चावी घेऊन परत निघाला, तेव्हा सुमनबाईने सहज विचारलं, "नाना, सहाला नक्की ना?" नाना सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "पानी उनं नि गयं बी. मी ते आठलेच किरणले सांगेल व्हतं."

मग जे झालं ते लिहिताना मला अजून मजा वाटते आणि अजून लाजही वाटते. रुपचंदभाऊ आणि त्यांची बायको कुंदाबाई बरोबर अकराला खुर्च्यांवर बसले. पेढे आले. पेढ्यांबरोबर पाणी द्यायचं तर बेबाबाईच्या माठात तळाशी वाटीभर होतं. ती स्वयंपाकघरातून किरणला खुणा करतेय, तोवर फाटकाशी पन्नासएक माणसं जमली. रिकाम्या बादल्या घेऊन. पुढे नवलभाऊ, स्वतःच्या घरी बोअर असलेले, त्यामुळे सगळ्यात चिडलेले.

"किरण, बाहेर ये! बठ्ठी कॉलनी, एकूण एक घर, पाच दिवस कोरडं राहणार. तुझं हेच काम आहे ना? मग तेवढं नीट करता येत नाही?"

मी गर्दीत मागे उभा होतो. सहा वर्षांत या कॉलनीतल्या कोणी त्याच्या कामाला काम म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हटलं, ते बादली आपटून.

किरण बाहेर आला. नानाने सांगितलं नाही असं तो म्हणू शकला असता, निम्मे लोक मानलेही असते. तो म्हणाला, "चूक माझी आहे. कुठे आहे ते बघतो." आणि पाहुण्यांची परवानगी मागून त्यांच्यासमोरच, खाटेवर मांडी घालून लॅपटॉप उघडून बसला.

मी भिंतीच्या या बाजूने त्याला काम करताना कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दारात उभा राहून पाहिलं. पोराने दहा फोन मागून घेतले, ओळीने मांडले. प्रत्येकावर सहा. लॅपटॉपवर नऊ. वीस-पंचवीस मिनिटं तो एकेक फोन लॅपटॉपशी ताडून बघत राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "सापडलं." रेंज नसली तरी बायकांना वेळ दिसावी म्हणून त्याने सोय केली होती, की फोनने एकदा आणलेली माहिती दिवसभर जपून ठेवायची. वेबसाइट असती तर माणूस वरच्या गोल बाणाच्या बटणावर बोट लावून ताजं पान पुन्हा आणतो. अ‍ॅपला ते वरचं बटणच नव्हतं. छान दिसावं म्हणून यानेच काढलेलं. स्वतःच्या फोनवर तो रोज अ‍ॅप पुसून नव्याने टाकायचा, म्हणून त्याला ताजीच वेळ दिसायची. आणि वेळ नेहमी आदल्या दिवशी ठरायची, म्हणून दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आता दर वेळी उघडलं की आधी ताजी वेळ आणेल," तो म्हणाला. "बटणही घालतो. उद्यापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये आपोआप जाईल, कोणाला काही करावं लागणार नाही."

"बटण दाबलं की पाणी येईल का?" मागून कोणीतरी विचारलं. एकशे चौऱ्याऐंशी घरांत असा एक असतोच.

पाहुण्यांना पाणी सुंदरबाईच्या कळशीतून आलं. आम्हालाही तिनेच तांब्या तांब्या वाटलं. मला देताना म्हणाली, "ल्या आबा. संध्याकायले सहाले प्या." मी तांब्या घेतला आणि तिथेच प्यायलो.

रुपचंदभाऊ सगळा वेळ खुर्ची खाटेजवळ ओढून लॅपटॉपमध्ये डोकावत होते. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "इतकी सगळी घरं याच्या भरवशावर पाणी भरतात?" मी हो म्हटलं. या वेळी ठणकावून नाही, हळूच.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन मला आला. रीतच आहे, नकार शेजाऱ्याकडे देतात. "आबा, मुलगा कामाचा आहे, त्यात वाद नाही. एवढी माणसं भांडायला येतात म्हणजे काम खरं आहे. पण मुलीची आई ऐकत नाही. आमच्या गल्लीत एक दिवसाआड नळ येतो हो. पोरीला पाचव्या दिवसावर कसं लोटायचं?"

मी किरणला भिंतीवरून सांगितलं. तो खिडकीतून उठून आला.

"कारण काय म्हणाले?"

"पाणी."

"कामाचं काही नाही?"

"मुलगा कामाचा आहे म्हणाले."

त्याने भिंतीवर दोन्ही हात ठेवले. नकार ऐकून इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना. तीन वेळा मीच त्याला बेकार ठरवलं होतं. "आबा, आईला तुम्हीच सांगा ना," तो म्हणाला. "मी सांगितलं तर तिला वाटेल मनचं सांगतोय."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. बेबाबाई पीठ मळत होती. तिला आधी नकार सांगितला, मग रुपचंदभाऊ काय म्हणाले ते सांगितलं. तिचे हात परातीत थांबले.

"रुपचंदभाऊ असं बोलनात?"

"बोलले. मुलगा कामाचा आहे."

"आखो एक डाव सांगा, आबा."

मी परत सांगितलं.