चार हातांची पेटी

आमच्याकडे एखाद्या बाईची मुलं जगत नसली की पुढचं मूल जन्मताच सुईणीच्या ओटीत टाकायचं आणि एका कवडीला तिच्याकडून परत विकत घ्यायचं, अशी रीत होती. यमाला वाटावं की हे पोर यांचं नाहीच, बाहेरून आणलेलं आहे. यम इतका बावळट असेल असं मला वाटत नाही, पण माझा थोरला भाऊ जगला खरा. म्हणून त्याचं नाव कवडू. त्याच्यानंतर आठ वर्षांनी मी झालो. मला सुईणीला वगैरे द्यावं लागलं नाही, नाव सरळ बळीराम ठेवलं. आमच्या घरचा न्याय उफराटा तो असा, की देऊन टाकलेला कवडू घरातच राहिला आणि मला मात्र आठव्या वर्षी कायमचं दिलं.

मी पाच वर्षांचा असताना माय वारली. वडील नत्थूजी नागपूरच्या संत्रा मार्केटात हमाल होते, पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. तेरा वर्षांच्या कवडूने मला वाढवलं. न्हाऊ घालताना तो माझं डोकं असं चोळायचा की भांडं घासून राहिला आहे असं वाटावं. भात करपवायचा आणि करपलेला स्वतः खायचा. मी आदळआपट केली की मारायचा नाही, गप्प बसून माझा राग संपायची वाट पाहायचा. ही त्याची सवय मला तेव्हाही आवडत नव्हती. समोरच्याने भांडायला तरी यावं की नाही!

एकसष्ट साली वडिलांचे दूरचे चुलतभाऊ दादाजी नागपूरला आले. नरखेड तालुक्यात त्यांची तीनशे झाडांची संत्र्याची बाग होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला दत्तक घेतलं. त्यांच्या बायकोचं नाव देवकी. नाव देवकीचं आणि नशीब यशोदेचं! तिने माझं नाव गिरिधर ठेवलं, नवीन कपडे शिवले, आणि मी तिला ‘आई’ म्हणावं म्हणून दूध-साखर घेऊन माझ्यामागे फिरली. मी म्हटलं नाही. त्याच दिवाळीत मी पळालो, एसटीत एका मोठ्या कुटुंबाच्या पोरांमध्ये घुसून नागपूर गाठलं आणि कवडूच्या अंथरुणात जाऊन झोपलो. तिकडे देवकीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

वडील मला परत घेऊन गेले. कवडूही सोबत होता. दादाजींच्या अंगणात वडिलांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि शपथ घातली, "आमच्याकडून कोनी तुमच्या शिवारात येऊन ह्या पोराशी एक शब्द बोलनार नाई. बोलला तं मी मेलो समजा." पाणी खाली सोडलं. मी कवडूकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे पाहिलं. त्या दिवसापासून पंधरा वर्षं मी माझ्या भावाचा आवाज ऐकला नाही.

मोठा झाल्यावर कवडू संत्रा मार्केटात पेट्या ठोकायच्या कामाला लागला. सालईच्या हलक्या लाकडाच्या फळ्या आणि खिळे व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये टाकायचे, बागेत जाऊन तिथेच पेट्या ठोकायच्या, गवत घालून माल भरायचा, असं ते काम. चौसष्टच्या आंबिया बहाराला, म्हणजे दिवाळीच्या सुमारास फळ उतरतं तेव्हा, आमच्या बागेत ट्रक आला आणि त्यातून कवडू उतरला. आमची बाग घेणारा व्यापारी त्याने मुद्दाम शोधून काढला होता, हे मला फार पुढे समजलं. मी अकरा वर्षांचा होतो. धावत जाऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. तो खिळा ठोकत राहिला. मी म्हटलं, "कवडूदादा." त्याने दुसरा खिळा घेतला. मी इतका चिडलो की त्याने नुकतीच ठोकलेली पेटी लाथेने उलटी केली आणि तिथेच रडत बसलो.

रडता रडता दिसलं, की उलट्या पेटीच्या डाव्या बाजूला चार खिळे तिरपे आहेत आणि उजव्या बाजूला नऊ. बाकी सगळे सरळ. कवडूचा खिळा तिरपा जात नसे. त्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या मार्केटात नव्हता. मी मान वर केली तर तो माझ्याकडे न पाहता हातोडीने पहिल्यांदा झाडांच्या ओळींकडे आणि मग एका ओळीतल्या झाडांकडे असा बोट दाखवल्यासारखा इशारा करत होता. चौथी ओळ, नववं झाड. झाडाच्या आळ्यात पालापाचोळ्याखाली एक सागवानी पेटी होती, वीतभर लांब. तिला झाकण दिसत नव्हतं, कडी नव्हती, फट नव्हती.

ती मला चार दिवसांनी उघडता आली. जोर लावला की आणखी घट्ट बसायची. चिडून फेकून दिली, ती उलटी पडली आणि आत काहीतरी गडगडलं. उलटीच धरून झाकण सरकवलं तर अलगद निघालं. आत सायकलच्या चाकातला एक छर्रा, लोखंडी गोळी, होता. पेटी सुलटी असली की तो खाचेत बसून झाकण अडवायचा. सोबत एक पेपरमिंट होतं आणि कागदावर कवडूचं वाकडंतिकडं अक्षर: ‘बळी, राग आला का?’

मी तिथेच जमिनीवर बसून हसलो. मग माझी गोटी आत ठेवली, पेटी बंद केली आणि होती तिथे परत पुरली. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला तेव्हा पेटीही गेली होती.

पुढची नऊ वर्षं, दर हंगामाला एक, अशा पेट्या आल्या. प्रत्येक पेटीची युक्ती वेगळी. एकीला वरच्या बारीक भोकातून फुंकर मारावी लागायची. एकीत पाणी ओतावं लागायचं, मग आतलं बूच तरंगून खिट्टी वर उचलायचं. ती कळायला मला पाऊस लागला. एक पेटी उन्हात ठेवल्यावरच उघडली, कारण आतली सळई मेणात बसवली होती. सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. राग करून, हिसका देऊन, दगडाने ठोकून कोणतीच उघडत नसे. तो लाकडाची पेटी करत नव्हता, माझा स्वभाव समोर ठेवून पेटी करत होता. मी कुठे घाई करीन, कुठे दात लावीन, कुठे आईमाईवर येईन, हे सगळं त्याने नागपूरला बसून मोजलेलं असायचं. मला जवळून ओळखणारा तो एकच माणूस, आणि तोच माझ्याशी बोलत नव्हता! मी आत माझ्या गोष्टी ठेवायचो. पेनची निब, मॅट्रिकच्या मार्कांची नक्कल, एकदा माझा फोटो. फोटोत मला मिशी होती. त्याने ती पाहून काय म्हटलं असेल, याचा मी वर्षभर विचार केला.

सत्तर साली वडील गेले. त्यांचं दहावं मूळ गावी, म्हणजे आमच्याच शिवारातल्या नदीवर झालं. मी पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. मुंडण केलेल्या कवडूने सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं. मला वाटलं, शपथ घेणारा गेला, आता हा बोलेल. पण कवडूचं उलटं होतं. जिवंत माणसाची शपथ मोडली तर पाय धरता येतात. मेलेल्याची मोडली तर कोणाकडे जावं?

माझ्यावर कसली शपथ नव्हती. मी कधीही एसटीत बसून त्याच्या दारात जाऊ शकत होतो. गेलो नाही. आईला वाईट वाटेल असं स्वतःला सांगायचो (तोपर्यंत मी तिला आई म्हणू लागलो होतो), पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या अंगावर टेरिलीनचा शर्ट होता आणि त्याच्या हातांना कुरुपं. त्याच्यासमोर बसून काय बोलू, याची मला लाज वाटायची.

त्र्याहत्तरच्या आंबिया बहारात शेवटची पेटी आली. बाराव्या ओळीतल्या दुसऱ्या झाडाखाली. ही हातभर लांब होती. दोन्ही टोकांना एकेक लाकडी बटण, आणि दोन्ही लांब बाजूंना एकेक पट्टी, थोडीशी बाहेर येणारी. बटण दाबून सोडलं की आतल्या स्प्रिंगने ते परत यायचं. पट्टी ओढली की तीही परत जायची. मी दोन महिने झगडलो. गुडघ्यात धरली, भिंतीला टेकवली, पाचर मारली. त्याच दिवसांत व्यापाऱ्याच्या दिवाणजीकडून कळलं की कवडू आता येणार नाही. नागपूरजवळ कोराडीला वीजघराचं काम चालू होतं, तिथे तो सुतार म्हणून लागला होता.

शेवटी माघ महिन्यात एका दुपारी मी अंगणात बसून त्या पेटीला शिव्या देत होतो. आई तूर पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आन इकडं."

मी दचकून पेटी मागे लपवली.

"काहून लपवतं? कवडूची हाय ना? नऊ वर्षं पाहून राहिली मी. एकदा तं तू पेटी पुरल्यावर गाय आळ्यात शिरली, मीच हाकलली."

ती समोर बसली, दोन्ही टोकांची बटणं अंगठ्यांनी दाबून धरली आणि म्हणाली, "ओढ आता." मी दोन्ही पट्ट्या ओढल्या. झाकण वर आलं. इतकं सोपं होतं ते. फक्त चार हात लागत होते.

आत काही नव्हतं. चिठ्ठी नाही, पेपरमिंट नाही, रंधा मारलेलं स्वच्छ लाकूड फक्त. आईने त्यावरून बोट फिरवलं.

"ही दोघांनी उघडाची पेटी हाय," ती म्हणाली. "दुसरे हात त्याचे पाह्यजे होते, मह्ये नाई. तुले बोलावलं हाय गा त्यानं. जाय."

आणि मी काय केलं? रागावलो. दोन महिने माझा जीव काढून रिकामी पेटी? बोलवायचं होतं तर एक कार्ड लिहायला काय झालं होतं? आता काही येणार नाही, संपलं, एवढंच त्याला या रिकाम्या पेटीतून सांगायचं असेल, असं मी मनात पक्कं करून टाकलं. पेटी माळ्यावर ठेवली. आई दोन-तीनदा म्हणाली, मी तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या हंगामाला दुसरा सुतार आला. मी पहिल्याच दिवशी सगळ्या पेट्या उलथ्यापालथ्या करून पाहिल्या. सगळे खिळे सरळ होते. त्याच्या पुढच्या हंगामालाही पाहिल्या. मला कवडू इतका कधीच आठवला नव्हता. जेवताना आठवायचा, आंघोळ करताना आठवायचा. भावाला हाक मारायला मिळावी म्हणून तेवीस वर्षांचा बाप्या रडकुंडीला आलेला पाहून आईने एके सकाळी न विचारता माझी पिशवी भरली, माळ्यावरची पेटी स्वतः उतरवून त्यात ठेवली आणि मला पहिल्या एसटीत बसवलं.

कोराडीच्या वसाहतीत कवडूला एक खोली मिळाली होती. दोरीवरच्या कपड्यांवर राखेची बारीक पूड बसली होती आणि त्याची बायको भागीरथा ते झटकत होती. तिने मला कधी पाहिलं नव्हतं, तरी एकदा पाहून आत हाक मारली, "अवो, बळीभाऊ आले!"

कवडू बाहेर आला. कानाशी केस पांढरे झाले होते. मला वाटलं, हा अजूनही बोलणार नाही. पण तो म्हणाला, "ये. मी तुह्या शिवारात येऊन बोलनार नोव्हतो. हे मह्यं घर हाय."

आवाज बदलला होता. पंधरा वर्षं मी माझ्या डोक्यात सोळा वर्षांच्या पोराचा आवाज घेऊन फिरत होतो, आणि हा एका दमलेल्या माणसाचा आवाज होता. मला फार वाईट वाटलं. मधले सगळे आवाज मी घालवले होते.

आम्ही चटईवर समोरासमोर बसलो. चहा झाला. मी पेटी काढून मधे ठेवली. त्याने ती हातात घेतली, बटणांवरून अंगठा फिरवला.

"नाई उघडली ना?" त्याने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की मी खोटं बोलणारच होतो. पण त्याच्यापुढे मला खोटं कधी जमलं नाही.

"उघडली," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

"मंग दुसरे हात कोनाचे होते?"

"आईचे."

तो बराच वेळ गप्प बसला. पूर्वी माझा राग संपायची वाट पाहायचा तसा नव्हे. या वेळी तो स्वतःचंच काहीतरी संपायची वाट पाहत होता.

"तिनं धरली?"

"स्वतःहून. आणि तुझ्याकडे जा म्हणाली."

"चांगली हाय मंग बाई," कवडू म्हणाला. त्याने डोळे पुसले. "मले वाटे, तिथं तुले दुसरे हात भेटनारच नाईत. एकटा असशीन. मंग घेऊन येशीन मह्याकडं. तेवढ्यासाठीच केली होती गा. आत ठेवाले मह्याजवळ काही नोव्हतं."

दहा हंगाम हा माणूस एका एकट्या पोरासाठी पेट्या करत होता, आणि ते पोर केव्हाच कोणाचं तरी होऊन गेलं होतं. त्याचा आनंदही त्यालाच करावा लागत होता.

"आपण उघडू," मी म्हटलं.

त्याने पेटी आमच्या मधे धरली आणि दोन्ही बटणांवर अंगठे ठेवले. मी पट्ट्या धरल्या. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी लहान असताना होती तशीच खरखरीत. मी हळू, अगदी हळू ओढायचं ठरवलं होतं. पण कवडूचं काम चोख होतं. झाकण लगेच उघडलं, आणि आमच्यापैकी कोणालाच ते इतक्यात उघडायला नको होतं.