तारा स्थिर होता

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि तो तर त्या संध्याकाळी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर गाडीत बसला होता. तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीट कळत नाही. रडू येत नाही, छातीवर दडपणही नाही. नुसतं आहे ते — इतकी वर्षं.

साताऱ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. ते सांभाळून मी तारे बघते. हौसच, पण नुसती हौस नाही. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. आमच्यासारखे लोक ते डोळ्यांनी अजमावून संशोधकांना कळवतात. मोठ्या दुर्बिणींना एकेका ताऱ्याकडे रोज बघायला सवड नसते. आमच्या भागात असं काम करणाऱ्यांचा एक गट आहे, आणि नव्या माणसाला आकाश शिकवायचं काम माझ्याकडे. हिला नकाशा लागत नाही, असं लोक म्हणायचे. मीही ते खरं मानायला लागले होते — कधीपासून, कोण जाणे.

भूपालअण्णा त्या गटातले. सांगलीला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. घर जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मग थेट गच्ची. माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला ताई म्हणायचे. त्यांना पहिला तारा मीच शोधून दिला होता. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी जात राहिल्या, आणि त्या परदेशी अभ्यासात वापरल्या गेल्या की ते मला फोन करून सांगायचे. बाकी कुणाला सांगायला लाजायचे.

त्या हिवाळ्यात एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. असं झालं की तारा काही क्षण विझतो, मग पुन्हा दिसतो. तो कुठून विझलेला दिसला आणि किती वेळ, यावरून त्या दगडाचा आकार आणि वाट कळते. त्याची सावली आधी मेढ्यावरून जाणार होती, मग लगेच सांगलीवरून. मला मेढ्याच्या वरचं पठार दिलं होतं, अण्णांना सांगलीबाहेरचं त्यांचं शेत. फलटणकडे बसलेल्यांना ढगांनी काही बघू दिलं नाही. राहिलो आम्ही दोघं — सावलीच्या ऐन मधोमध. एकाला दिसलं तर दुसऱ्याला दिसायलाच हवं.

नवरा थंडीमुळे मागे गाडीत बसून होता. मी तारा धरला. वेळ आली, गेली. तारा जसाच्या तसा. वाटलं, अंदाज चुकला असेल, होतं तसं. दुर्बीण आवरण्याआधी सहज नकाशा उजेडात धरला, आणि — मी शेजारच्याच ताऱ्याकडे बघत बसले होते.

पण मी या चुकीबद्दल सांगत नाहीये. तारा कुणाचाही चुकतो.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णा होते, धापा टाकत असल्यासारखे.

"ताई, गेला बगा. तारा गेला आन परत आला. तुमास्नी बी दिसला न्हवं?"

नकाशा माझ्या हातातच होता. अण्णा, माझा तारा चुकला — एवढंच म्हणायचं होतं. ते हसले असते, आणि झालं असतं. मग का नाही म्हणाले? उत्तर आहे माझ्याकडे, पण ते फार लहान आहे. मला लाज वाटली. त्यांना शिकवणारी मी.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "मी पूर्ण वेळ बघत होते. तारा स्थिर होता."

मग ते म्हणाले, "आसं व्हय. मग माजंच चुकलं आसंल."

मी तेच लिहून पाठवलं. आकाश निरभ्र, तारा स्थिर. गटाच्या संयोजकांनी मला मुद्दाम फोन करून विचारलं, खात्री आहे ना? म्हणजे आणखी एक संधी. मी खात्री असल्याचं सांगितलं. कॅमेरा दोघांकडेही नव्हता, माणसाच्या शब्दावरच सगळं. अण्णांनी आपणहून आपली नोंद मागे घेतली.

मग ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, त्याने असा तारा विझायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांना पटलं नाही. नोंदी पाठवणं थांबलं. दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकली. पुढे स्कूटरही सोडली — नातीला शाळेत पोचवायला दुसरं कुणीतरी जायला लागलं. हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळत गेलं, फोनवर. मी ऐकून घेत होते. तब्येतीची चौकशी करत होते.

काही वर्षांनी दुसऱ्या देशातल्या लोकांनी तोच लघुग्रह पुन्हा टिपला. त्याची वाट पक्की झाली, तेव्हा मागचं गणित मांडून बघितलं गेलं. त्या संध्याकाळी सावली मेढ्यावरून आणि सांगलीवरून गेलेलीच होती. संयोजकांनी मला सांभाळून घेतलं. पठारावर धुक्याचा पापुद्रा येऊन फसवलं असेल, म्हणाले. मी म्हणाले, असेल. मग त्यांनी विचारलं, तुम्ही अण्णांच्या जवळच्या, तुम्हीच कळवता का त्यांना? मी कळवते म्हणाले.

कळवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या त्याच नातीचं लग्न झालं. मी आणि नवरा गेलो होतो. नव्या व्याह्यांना अण्णांनी माझी ओळख करून दिली — यांची नजर लय पक्की, म्हणाले. मी हसून नमस्कार केला. निघेपर्यंत अंधारलं. अण्णांची गाडी रस्त्यापलीकडे, त्यांचा मुलगा ती सुरू करून बसलेला. अण्णा कडेला थांबले.

"ताई, जरा हात धरा," ते म्हणाले. "अंधारात माजा मला भरवसा न्हाई."

मी हात धरला. रस्ता दोन्हीकडून रिकामा होता. तो त्यांना दिसत असणार, हे मला ठाऊक होतं. तरी ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"चला," मी म्हणाले. मग ते चालायला लागले.